सौम्य नैसर्गिक गंध

माझ्या सासऱ्यांवर आळ आला तो भिंतीवर लघवी करण्याचा. चोरीचा आला असता तर ते भांडले असते. एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते, भांडणाचा सराव दांडगा. पण या आळावर भांडायचं तर तो शब्द तोंडातून काढावा लागतो, आणि घरात सून असताना तो शब्द काढणाऱ्यांतले ते नव्हेत. म्हणून ते मूग गिळून बसले, आणि मला अकरा दिवस काही पत्ता लागला नाही.

पत्ता लागला तो पाण्याच्या बाटलीवरून. बाबांना साखरेचा त्रास आहे. निवृत्तीनंतर घर खायला उठलं म्हणून त्यांनी सार्वजनिक ग्रंथालयाच्या मागच्या फाटकावर वॉचमनची नोकरी धरली, त्याला आता चार वर्षं झाली. रोज सकाळी मी डब्याबरोबर लिटरभराची बाटली भरून देते, संध्याकाळी ती रिकामी परत येते. त्या आठवड्यात ती भरलेलीच परत यायला लागली. आधी वाटलं, तिथं पुन्हा भरून घेत असतील. मग एके दिवशी मी झाकणात एक दोरा अडकवून दिला. संध्याकाळी दोरा जागच्या जागी होता.

"बाबा, पाणी का पीत नाही तुम्ही?"

"तहान लागत नाही."

"साखरेच्या माणसाला तहान लागत नाही? डॉक्टरांना सांगते, ते कुठंतरी छापून आणतील."

"तुझं आपलं काहीतरीच," असं म्हणून ते उठले, आणि उठताना त्यांनी कपाटाचा आधार घेतला. ओठांना पापुद्रे आले होते. नवरा ट्रक घेऊन आठवडाभर बाहेर. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणतो, "तू विचारून बघ ना." या घरातले पुरुष मला विचारायला सांगतात, आणि विचारलं की उत्तर देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी ग्रंथालयाच्या मागच्या गल्लीत गेले. बाबांची खुर्ची फाटकाशी नव्हती. ती गल्लीच्या पलीकडे, भर उन्हात होती, आणि तिच्यावर बाबा ताठ बसले होते. त्यांनी मला पाहिलं आणि मान फिरवली, जणू रस्त्यावरची कुणी बाई चालली आहे. फाटकाला लागून जी भिंत आहे तिच्यावर लाल रंगात ओबडधोबड लिहिलं होतं: येथे लघवी करू नये, आढळल्यास कारवाई. त्या लाल अक्षरांपासून दोन हातांवर माझी पाटी होती.

माझी म्हणजे मी लिहिलेली. मी एका संशोधन संस्थेत काम करते, आणि माझं काम एकच: शास्त्रज्ञ जे करतात ते चारचौघांना कळेल असं लिहायचं. पत्रकं, पाट्या, वर्तमानपत्रांना द्यायची टिपणं. ही भिंत आमच्या संस्थेची आहे, नमुना म्हणून ग्रंथालयाला बांधून दिलेली. चाळीस फूट लांब, माझ्या खांद्याला लागेल एवढी उंच, आणि तिची एकही वीट भट्टीत भाजलेली नाही. साच्यात वाळू भरायची, तीत जिवाणू सोडायचे आणि त्यांना युरिया आणि कॅल्शियमचा क्षार खाऊ घालायचा. जिवाणू खातात, आणि वाळूच्या कणाकणांत दगडासारखा चुना धरत जातो. चार-पाच दिवसांत वीट तयार. ना कोळसा, ना धूर. भिंत उभी राहिल्यावरही ते जिवंत असतात. आठवड्यातून दोनदा पाठीवरच्या पंपानं त्यांना खायला घालतात, तसे विटांचे जोड आणखी घट्ट होतात, आणि बारीक चीर गेली तर ती आतल्या आत बुजते. हे सगळं पाटीवर होतं. सगळं खरं होतं, आणि मला त्याचा अभिमान होता.

एकच गोष्ट होती. युरिया खाणारे हे जिवाणू अमोनिया सोडतात, आणि अमोनियाला कसला वास येतो हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. माझ्या पहिल्या मसुद्यात वाक्य होतं: 'खाद्य दिल्यावर दोन दिवस या भिंतीला मुतारीसारखा वास येईल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.' आमच्या विभागाच्या मॅडमनी त्याखाली लाल रेघ ओढली. आम्ही त्यांना पाठीमागं इस्त्री म्हणतो, कारण त्यांच्या टेबलावरून गेलेल्या वाक्याला एक सुरकुती राहत नाही. "मुतारी? संस्थेच्या पाटीवर?" असं म्हणून त्यांनी कागद परत केला. मी जागेवर बसून पाच मिनिटांत नवं वाक्य केलं: 'भिंतीस सौम्य नैसर्गिक गंध येऊ शकतो.' मॅडम म्हणाल्या, "वा." त्या एका वा-वर मी दिवसभर तरंगत होते. हे मी लपवणार नाही.

आता त्या गल्लीत उभी होते आणि नाकात तो गंध शिरत होता. डोळ्यांना पाणी येईल असा. भिंतीच्या पायाशी ब्लीचिंग पावडरचा पांढरा पट्टा ओढलेला होता. मला सगळं कळायला एवढं पुरेसं होतं. तरी आतून ग्रंथपाल आले आणि त्यांनी उरलेलं सांगून टाकलं. ते मला संस्थेतली बाई म्हणून ओळखत, सून म्हणून नाही. ओळखीनं नोकरी मिळवली असं कुणी म्हणू नये म्हणून बाबांनी तिथं कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी बोलले नव्हते.

"बघा ना, तुमच्या इतक्या सुंदर भिंतीची काय दशा केलीय," ते म्हणाले. "आमचाच वॉचमन. म्हातारा आहे, साखर आहे. दया येते, पण वाचकांच्या तक्रारी किती ऐकायच्या?"

"कुणी पाहिलं त्यांना?"

"पाहायला कशाला लागतंय? नाक आहे ना."

"त्यांना आत स्वच्छतागृहात जाता येतं?"

"किल्ली माझ्या टेबलात असते. मागितली की देतो. आधी सारखा मागायला यायचा. ती लाल अक्षरं रंगवली त्या दिवसापासून एकदाही आला नाही. मग जातो कुठं? तिथंच तर संशय पक्का झाला."

मला भरलेली बाटली आठवली. जायला लागू नये म्हणून माणूस प्यायचं थांबला, आणि जात नाही म्हणून त्याच्यावरच संशय. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

"सर, हा वास भिंतीचा आहे."

ग्रंथपाल हसले. वाईट हसले नाहीत, समजूत घातल्यासारखे हसले. मग त्यांनी माझ्याच पाटीवर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय तुम्ही? सौम्य नैसर्गिक गंध. आता तुम्हीच सांगा बाई, हा सौम्य आहे?"

मी माझंच वाक्य पुन्हा एकदा वाचलं.

"तुम्ही मनानं चांगल्या आहात, पण शनिवारी समितीची बैठक आहे आणि त्यात त्याला काढायचं ठरलंय. तसं काही असेल तर संस्थेचं पत्र आणा," असं म्हणून ते आत गेले. मी गल्लीच्या पलीकडे पाहिलं. बाबा अजूनही दुसरीकडेच बघत होते.

पत्र म्हणजे मॅडमची सही. मी तशीच कचेरीत गेले आणि सगळं सांगितलं. फक्त वॉचमन माझा कोण लागतो ते सांगितलं नाही.

"बुधवारी पाहुणे येतायत," मॅडम म्हणाल्या. "शाळांच्या तीन इमारती आपल्याला मिळायच्या आहेत, त्या या भिंतीवर ठरणार आहेत. आणि तुम्हाला आत्ता लेखी द्यायचंय की आमच्या भिंतीला मुतारीचा वास येतो?"

"येतोच तो."

"नुकसान आहे का त्यात कुणाचं?"

"एका माणसाचं आहे. शनिवारी त्याला काढतायत."

"बुधवारनंतर देऊ ना पत्र. चार दिवसांचा तर प्रश्न. आणि वॉचमनला दुसरीकडे नोकरी लागायला कितीसा वेळ लागतो?"

'ते माझे सासरे आहेत' हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. सांगितलं असतं तर मॅडम विरघळल्या असत्या, चहा मागवला असता, सहीही केली असती. पण ती सही माझ्या सासऱ्यांसाठी झाली असती, त्या खुर्चीवरच्या वॉचमनसाठी नाही. त्या खुर्चीवर उद्या दुसरा कुणी बसला असता तर? मी ते वाक्य गिळलं आणि म्हणाले, "मॅडम, ते वाक्य मी बदललं. चूक माझी आहे. मला ती दुरुस्त करू द्या."

"बुधवारनंतर," असं म्हणून त्यांनी दुसरा कागद पुढ्यात ओढला.

तिसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळा आहे. भिंतीच्या विटा जिनं वाढवल्या ती शास्त्रज्ञ बाई तिथं असते. तिच्या चपलांतून सगळ्या जिन्यावर वाळू सांडते म्हणून तिला आम्ही वाळूबाई म्हणतो, आणि ती ते नाव आवडीनं घेते. मी गेले तेव्हा ती कागदावरच्या आकड्यांकडे कपाळाला आठ्या घालून बघत होती.

"खालचे दोन थर मरतायत," ती म्हणाली. "वरचे धडधाकट आणि खालचे मरतायत. पाणी तपासलं, क्षार तपासला. काही कळत नाही."

"ब्लीचिंग पावडर टाकतायत तिथं."

"का?"

मी सांगितलं. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. आठ वर्षं ती या जिवाणूंना जपत होती. आणि बाहेर लोक त्यांच्या अंगावर ब्लीचिंग ओतत होते, कारण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"तू मसुद्यात लिहिलं होतंस ना वासाचं? मी वाचलं होतं ते."

"मीच काढलं."

तिनं आकड्यांचा कागद उलटा ठेवला. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "पत्र मला देता येत नाही. नियम आहे, पत्र खालून मॅडमकडूनच जातं. पण वीट देता येते." तिनं शेल्फवरून झाकणाचा एक डबा काढला, आत परवाच खाऊ घातलेली एक वीट होती. झाकणाला चिकटपट्टी लावली, त्यावर तारीख घातली, आणि बाहेर न्यायच्या सामानाच्या वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं: नमुना एक, प्रात्यक्षिकासाठी. खाली सही केली. तिची नोकरी दर वर्षी नव्यानं मंजूर होते, हे मला माहीत होतं आणि तिलाही.

शुक्रवारी संध्याकाळी मी बाबांना म्हटलं, "उद्या मी येतेय समितीपुढं."

त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं नाही. "येऊ नकोस."

"मला सगळं कळलंय बाबा."

वर्तमानपत्र थोडं हललं. "ते तुझ्या कामाचं ठिकाण आहे. आपली ओळख दाखवू नकोस. माझं काय, आज आहे उद्या नाही."

"तुम्ही कबूल करणार आहात?"

"मी काहीच करणार नाही. ते काढतील, मी येईन." एवढं बोलून ते झोपायला गेले, दिवे लागायच्या आत. मला त्यांचा इतका राग आला होता की मी रात्रीची भांडी आदळत घासली, आणि त्यांना ती ऐकू जावीत म्हणून दार उघडं ठेवलं.

समिती म्हणजे पाच माणसं आणि एक लांब टेबल. अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य होते. समोरच्याच्या डोळ्यांऐवजी दातांकडे बघून बोलायची त्यांना सवय. बाबा दाराशी उभे होते, गणवेशाची सगळी बटणं लावून. त्यांना कुणी बस म्हटलं नव्हतं. ग्रंथपालांनी तक्रारी वाचून दाखवल्या. सात होत्या, त्यांतल्या एकीत 'असह्य' हा शब्द चार वेळा होता.

"संस्थेचं पत्र आणलंत?" त्यांनी मला विचारलं.

"नाही. हे आणलंय," म्हणून मी डबा टेबलावर ठेवला, चिकटपट्टी सोडवली आणि झाकण काढलं.

खोली बंद होती, पंखा चालू होता. दोन सेकंद काही झालं नाही. मग अध्यक्षांची खुर्ची मागं सरकली. एका बाईनं पदर नाकाला लावला. दुसरा सदस्य उठून थेट खिडकीकडे पळाला आणि तिथून ओरडला, "अहो, झाका ते! काय आणलंय काय?"

"वीट," मी म्हणाले. "तुमच्या भिंतीची सख्खी बहीण. परवापर्यंत तिसऱ्या मजल्यावर कुलपात होती. तिथं तुमचा वॉचमन कधी आलेला नाही, हे मी लिहून देते. आता सांगा, हिच्यावर कुणी केली?"

ग्रंथपाल जवळ आले. त्यांनी वाकून वीट हुंगली, मागं झाले, आणि पुन्हा एकदा हुंगली. त्यांचा चेहरा पडत गेला तो मी पाहत होते, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं.

"झाका हो," अध्यक्ष म्हणाले. मी झाकण लावलं, पण सावकाश लावलं.

मग अध्यक्ष बाबांकडे वळले. "तुम्ही दिवसभर त्या भिंतीशी बसता. तुम्हाला कळलं नाही, वास कुठून येतो?"

"कळत होतं," बाबा म्हणाले.

मी वळून पाहिलं. मला हे माहीत नव्हतं.

"पहिल्या आठवड्यापासून कळत होतं. ते लोक पंप मारून गेले की दुपारी वास सुटायचा. ज्या दिवशी नाही मारायचे त्याच्या पुढच्या दिवशी कमी. साधी गोष्ट आहे."

"मग बोलला का नाहीत? तोंडाला कुलूप लावलं होतं का?"

बाबांनी छातीच्या खिशातून कागद काढला. माझं पत्रक. घड्यांवर फाटत आलेलं. भिंत बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ते वाचून दाखवत असत, हे मला नंतर ग्रंथपालांनी सांगितलं. "यात लिहिलंय, सौम्य नैसर्गिक गंध," ते म्हणाले. "मी म्हणालो असतो की वास भिंतीचा, आणि तोही असला, तर याचा अर्थ लिहिणाऱ्या बाईंनी खोटं लिहिलं असा झाला असता. त्यांच्या नोकरीवर आलं असतं. माझी नोकरी काय, चार वर्षांची."

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. इथंसुद्धा ते मला ओळख देत नव्हते, सांगितल्याप्रमाणं. मला खोटारडी म्हणायला नको म्हणून हा माणूस पंधरा दिवस भिंतीवर मुतणारा म्हणवून घेत उन्हात बसला, आणि पाणी न पिता बसला. मला राग आला, त्यांचा, माझा, त्या 'वा'चा.

"ती बाई मी," मी म्हणाले. "आणि हे माझे सासरे. मी खोटं लिहिलं. यांनी नाही, मी."

बाबा पुटपुटले, "कशाला बोललीस."

"बोलणार. तुम्ही गप्प बसलात, पुरे झालं."

अध्यक्षांनी घसा साफ केला. गैरसमज झाला, विषय संपला, सोमवारपासून नेहमीसारखं कामावर या, असं ते म्हणाले, आणि कागद गोळा करायला लागले. बाबा हलले नाहीत.

"येतो," ते म्हणाले. "पण दोन गोष्टी आहेत. ते लाल अक्षरात लिहिलंय ते ज्यानं लिहिलं त्यानंच पुसायचं. आणि स्वच्छतागृहाची किल्ली टेबलात राहणार नाही, फाटकावर राहील. मी आहे तोवर आणि मी गेल्यावरही. माझ्याजागी येईल त्यानं मागायला जायचं नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण गर्दीच्या बसमध्ये शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा होता. ग्रंथपाल उठले, किल्ली घेऊन आले आणि त्यांच्या हातात दिली. दुपारी ते स्वतः रॉकेल आणि चिंधी घेऊन लाल अक्षरं पुसताना मला दिसले.

रविवारी आम्ही स्वयंपाकघराच्या टेबलावर नवी पाटी लिहायला बसलो. मी लिहिलं: 'खाद्य दिल्यावर भिंतीला मूत्रासारखा वास येतो.'

बाबांनी चष्मा लावून वाचलं. "मूत्र काय? हे काय दवाखान्याचं कार्ड आहे? मुतारी लिही. मुतारी सगळ्यांना कळते."

लग्नाला नऊ वर्षं झाली. हा शब्द त्यांनी माझ्यासमोर पहिल्यांदा उच्चारला, आणि लगेच चष्मा पुसायला घेतला. मी खाली मान घालून लिहीत राहिले, कारण हसू फुटलं असतं तर आम्ही दोघंही पुन्हा कधी एकमेकांकडे बघू शकलो नसतो. मग त्यांनी आणखी दोन वाक्यं घालायला लावली: ब्लीचिंग टाकू नका, आतले जीव मरतात, आणि वास किती दिवस येईल ते. "लोकांना किती वेळ ते सांगितलं की लोक सोसतात," ते म्हणाले. "बस उशिरा आली तर चालते, कधी येणार ते नाही सांगितलं की शिव्या मिळतात." भिंतीला खाद्य आणखी किती दिवस द्यायचंय ते मी वाळूबाईला फोन करून विचारलं, आणि लिहिलं: सहा आठवडे. खाली माझं नाव टाकलं. सोमवारी सकाळी आम्ही दोघांनी ती पाटी जुनीवर ठोकली. परवानगी मी कुणाची मागितली नाही.

मंगळवारी दुपारी संस्थेची गाडी जाऊन ती काढून घेऊन आली. मॅडमच्या टेबलाशेजारी ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. मला खुलासा मागणारं पत्र मिळालं, आणि तोंडी सांगण्यात आलं की बुधवारी मी भिंतीकडे फिरकायचं नाही.

मी फिरकले. रजेचा अर्ज टाकला आणि कारण लिहिलं, भिंत बघायला.

बारा वाजता पाहुणे आले. अकराजण होते, पुढं मॅडम, मागं वाळूबाई. आदल्या दिवशी पंप मारून गेलेले, त्यात कडक ऊन. वास गल्लीच्या तोंडापासूनच होता. पाहुणे आधी काही बोलले नाहीत, शिकलेली माणसं बोलत नाहीत. मग एका पाहुणीनं रुमाल काढला. दुसऱ्यानं इकडंतिकडं पाहिलं, आणि त्याची नजर फाटकाशी खुर्चीवर बसलेल्या, गणवेशातल्या म्हाताऱ्या माणसावर जाऊन थांबली. ती नजर मी ओळखली. बाबांनीही ओळखली.

"परिसराच्या स्वच्छतेबद्दल आम्ही ग्रंथालयाला कळवलंय," मॅडम घाईघाईनं म्हणाल्या. "इकडून या."

वाळूबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. मी पुढं व्हायच्या आत बाबा खुर्चीवरून उठले.

"थांबा," ते म्हणाले, आणि अकराच्या अकरा थांबले. "वास माझा नाही. या भिंतीचा आहे. हिच्यात जिवाणू आहेत. ते युरिया खातात, वाळूला धरून ठेवतात, आणि खाल्लं की असा वास सोडतात. मुतारीसारखा. काल खायला घातलंय म्हणून आज जास्त आहे. अजून सहा आठवडे येईल, मग थांबेल. इथं पाटी होती तशी, काल काढून नेली."

मॅडम माझ्या कानाशी आल्या. "थांबवा त्यांना. आत्ताच्या आत्ता."

"नाही," मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

रुमालवाल्या पाहुणीनं रुमाल खाली घेतला. "पाटी का काढली?" तिनं बाबांना विचारलं.

"ते मॅडमना विचारा," बाबा म्हणाले. "भिंतीचं काय असेल ते मला विचारा."